दाता कोण? खारघरची जमीन आणि सार्वजनिक निधीचा धर्मविचार

स्वयंसेवी संस्था, धर्मादाय रुग्णालये, शिक्षणसंस्था, समाजभवने, उत्सव मंडळे आणि आध्यात्मिक संप्रदाय यांना शासनाने पैसा, जमीन किंवा करसवलत द्यावी की नाही, या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग घटनेचे असते, म्हणजे सर्वधर्मीयांकडून गोळा झालेला पैसा एखाद्या धर्माच्या कामी वापरता येईल काय, आणि दुसरे हिशेबाचे असते, म्हणजे दिलेल्या पैशाचा विनियोग ठरल्याप्रमाणे झाला काय. दोन्ही अंगे महत्त्वाची असली तरी त्यांच्या बुडाशी असलेला एक जुना धर्मशास्त्रीय प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो असा की, सार्वजनिक निधीतून एखाद्या संस्थेला काही दिले जाते तेव्हा देणारा नेमका कोण असतो. दाता निश्चित झाला तरच घेणाऱ्याने कोणाचे ऋण मानावे, कोणाला हिशेब द्यावा आणि कोणापुढे मान तुकवण्याचे कारण नाही, हे ठरवता येते. पनवेल तालुक्यातील खारघर हे ठिकाण या विचारासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथे दात्याचा माग काढत गेल्यास तो मंत्रालयापाशी थांबत नाही, थेट भातशेतीच्या सातबाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

नवी मुंबई वसवण्यासाठी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या प्रकल्पाच्या कक्षेत आली. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे या गावांची भातखाचरे आणि माळ या व्यवहारात गेले आणि त्यांच्या जागी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांचे शहर उभे राहिले. संपादन केलेली जमीन सिडको कायमची विकत नाही; ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, आणि कोणाला कोणत्या दराने द्यावी याची चौकट १९७५च्या नवी मुंबई जमीन विल्हेवाट विनियमांनी व त्यांतील पुढच्या दुरुस्त्यांनी ठरते. दुकाने व इमारती यांचे भूखंड निविदेने जातात, तर शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, समाजभवने अशा सामाजिक प्रयोजनांसाठी भूखंड राखून ठेवले जातात आणि ते सवलतीच्या दराने मिळू शकतात. महाराष्ट्रातील अन्य ठिकाणी शासनाची मदत म्हटले की डोळ्यांसमोर अनुदानाचा धनादेश येतो. खारघरात मात्र मदतीचे मुख्य रूप जमीन हेच आहे, आणि ही गोष्ट पुढील विवेचनात निर्णायक ठरणारी आहे.

धर्मशास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली ती आश्चर्य वाटावे इतकी कायदेशीर आहे. एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी हक्क, सोडून त्याच वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान. त्यामुळे जी वस्तू आपली नाही तिचे दान होऊ शकत नाही, आणि जी देऊनही आपल्या ताब्यात ठेवली जाते तिचेही दान होत नाही. दाता, ग्रहीता, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काळ अशी दानाची सहा अंगे देवल या स्मृतिकाराने मानली आहेत, व त्यांपैकी श्रद्धा हे अंग दात्याच्या मनाशी निगडित असल्याने सक्तीने घेतलेले द्रव्य कितीही सत्कार्याला लागले तरी ते ज्याच्याकडून घेतले त्याचे दान ठरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची आशा धरून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, म्हणजे ते दान असते खरे, पण कमअस्सल. यांच्या जोडीला इष्ट आणि पूर्त असा एक भेद शास्त्रात आहे. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, बागा, अन्नछत्रे यांसारखी लोकोपयोगी कामे ती पूर्त. आजच्या भाषेत ज्याला समाजकार्य म्हणतात त्याचे मूळ या पूर्तधर्मात आहे, व त्याचा अधिकार शास्त्राने स्त्रिया आणि शूद्र यांनाही दिलेला होता.

या कसोट्या आजच्या शासनाला लावल्या तर अवघड परिस्थिती निर्माण होते. कर भरणारा नागरिक दाता नव्हे, कारण तो श्रद्धेने देत नाही, देणे भाग असते म्हणून देतो. हे सत्य खारघरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही; १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर, सिडकोला सेवाशुल्क भरत असतानाच्या काळाचाही मालमत्ता कर मागितला गेला तेव्हा दुहेरी कराविरुद्ध येथील रहिवाशांनी जो लढा दिला त्यातून कर आणि दान यांतील अंतर पुरेसे स्पष्ट झाले आहे. शासनही दाता नव्हे, कारण कोषागारातील द्रव्यावर त्याचे स्वत्व नसते, केवळ विनियोगाचा अधिकार असतो, आणि मंत्री तर त्याहूनही नाही, मग कोनशिलेवर त्याचे नाव कितीही मोठ्या अक्षरांत असो. सार्वजनिक निधीच्या व्यवहारात अशा रीतीने ग्रहीता दिसतो, देय वस्तू दिसते, समारंभही दिसतो, पण शास्त्राला मान्य होईल असा दाताच सापडत नाही.

जमिनीच्या बाबतीत शोध आणखी एक पायरी खाली नेता येतो. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई परिसरात याच भूसंपादनावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्याची परिणती पुढे साडेबारा टक्के योजनेत झाली. म्हणजे ज्याची जितकी जमीन घेतली गेली तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड त्याला परत द्यावयाचा. प्रत्यक्षात मात्र या साडेबारांतून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी म्हणून वजा होतात व हाती पावणेनऊच टक्के पडतात, आणि ‘आमचे पावणेचार टक्के परत द्या’ ही मागणी प्रकल्पग्रस्तांच्या सभांमध्ये आजही ऐकू येते. या कपातीचा अर्थ धर्मशास्त्राच्या भाषेत सांगावयाचा तर असा होईल की, शहरातील शाळा, समाजमंदिरे आणि दवाखाने यांच्यासाठी लागणाऱ्या जागेचा एक हिस्सा कोपरा-बेलपाड्याच्या आगरी शेतकऱ्याच्या वाट्यातून थेट काढला गेला. त्याने तो खुशीने दिला असता तर त्याच्या नावावर पूर्तधर्माचे पुण्य जमा झाले असते. तो न विचारता घेतला गेल्यामुळे त्याला पुण्यही मिळाले नाही आणि भूखंडही मिळाला नाही. सवलतीच्या दराने जमीन मिळालेली संस्था भूमिपूजनाच्या दिवशी महामंडळाचे आणि लोकप्रतिनिधींचे आभार मानते तेव्हा आभाराचा पत्ता चुकलेला असतो, हे म्हणूनच नोंदवणे भाग आहे.

दाता नाही म्हणून देणेच थांबवावे, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही, कारण समूहांना राज्याने आधार देण्याची कल्पना भारतीय विचाराला परकी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात संविद्व्यतिक्रम नावाचे प्रकरण आहे. संविद् म्हणजे समूहाने आपसांत केलेला करार आणि व्यतिक्रम म्हणजे त्याचे उल्लंघन. या प्रकरणात राजाने समूहाच्या कामासाठी आलेल्यांचे काम करून द्यावे व दान, मान आणि सत्कार यांनी गौरवून त्यांना परत पाठवावे, असे सांगितले आहे. पण त्याच्या लगेच पुढे असेही सांगितले आहे की, समूहाच्या कामासाठी गेलेल्या माणसाला जे काही मिळेल ते त्याने समूहाला अर्पण करावे, आणि आपण होऊन केले नाही तर त्याच्याकडून अकरा पट वसूल करावे. सत्कार आणि अकरा पट दंड ही दोन वचने अशी शेजारी शेजारी असावीत, यात स्मृतिकाराचा संस्थांविषयीचा अनुभव दिसतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराचे स्पष्टीकरण त्याहूनही लक्षणीय आहे. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचे संघ, तसेच पाखंडी म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारे बौद्धादी पंथ, या सर्वांना हाच नियम लागू असून राजाने त्यांचे त्यांचे वेगळेपण राखावे, हे मूळ वचन तो खळखळ न करता उलगडून दाखवतो. राजाला ज्यांचे मत मान्य नाही त्यांच्याही समूहाचे रक्षण राजाने करावयाचे, हा विचार पुस्तकातच राहिला असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत ब्राह्मणधर्मी सातवाहनांनी बौद्ध भिक्षूंना शेते दिल्याचे लेख आहेत, आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, ३००० कार्षापण नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. २००० एका श्रेणीकडे शेकडा एक मासिक व्याजाने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. ही रक्कम राजदरबारात ठेवली असती तर पुढचा राजा ती बंद करू शकला असता. ती विणकरांकडे ठेवल्यामुळे भिक्षूंना राजाच्या मर्जीची गरज उरली नाही आणि विणकरांना भांडवल मिळाले. सार्वजनिक मदतीची इतकी विचारपूर्वक केलेली रचना आजही क्वचितच आढळते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मराठ्यांचे सेनापती दाभाडे यांनी तळेगावात सुरू केलेला आणि पेशव्यांनी पुण्यात आणून वाढवलेला श्रावणमासाचा दक्षिणावाटप हा राज्याच्या तिजोरीतून होणारा मोठा धार्मिक खर्च होता, व त्याचा लाभ केवळ ब्राह्मणांना मिळत असे. पेशवाई गेल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने तो एकदम बंद केला नाही. त्यातील काही भाग १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला आणि बाकीचा हळूहळू आटत जाईल अशी व्यवस्था इंग्रज सरकारने केली. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांनी या रकमेतील काही हिस्सा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा असा अर्ज केला तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले, आणि अर्ज पोहोचवणाऱ्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि फुले व त्यांचे सहकारी महार-मांगांच्या मुलांसाठी ज्या शाळा चालवीत होते त्यांनाही याच दक्षिणा निधीतून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. ज्या निधीवर केवळ एका वर्णाचा हक्क मानला जाई तोच निधी त्या वर्णाने शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या मुलांच्या शाळेला मिळावा, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जेवढी सांगितली जाते त्याहून अधिक सांगितली जावी अशा योग्यतेची आहे.

फुल्यांनी सरकारी मदत नाकारली नाही, पण ती देणाऱ्याचे उपकारही मानले नाहीत, याचे कारण त्यांना दाता कोण हे ठाऊक होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी असा मुद्दा मांडला की, सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमांतून आणि घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. या एका मुद्द्याने सार्वजनिक निधीचा विचार दानधर्माच्या कक्षेतून बाहेर पडून न्यायाच्या कक्षेत येतो. ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे ते परत जाते की नाही, हा मग प्रश्न उरतो. कोण कोणावर दया करतो हा उरत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थी वसतिगृहांना जागा आणि उत्पन्न देऊन जी परंपरा निर्माण केली तिच्यामागेही हीच दृष्टी होती, जरी जातवार वसतिगृहांनी जातभावना घट्ट केली की सैल केली याविषयी अभ्यासकांत एकमत होणे कठीण आहे.

भारतीय संविधानाने या प्रश्नाचे उत्तर अनुच्छेद २७ मध्ये दिले आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी किंवा तो चालू ठेवण्यासाठी ज्याचे उत्पन्न खास राखून ठेवले आहे असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्यामागे असलेला विचार १७८५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे जेम्स मॅडिसनने मांडलेल्या युक्तिवादाशी जुळणारा आहे. ख्रिस्ती शिक्षकांच्या पगारासाठी प्रत्येकाकडून केवळ तीन पेनी घेण्याचा अधिकार राज्याला दिला तरी तो विवेकावरील सक्तीचा अधिकार ठरतो, असे त्याचे म्हणणे होते. जर्मनीने नेमका उलट मार्ग धरला असून तेथे शासन नोंदणीकृत चर्चसदस्यांकडून प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर गोळा करून देते, मात्र चर्चचे सदस्यत्व सोडणाऱ्याची त्यातून सुटका होते. भारतातील न्यायालयांनी मधला रस्ता काढला. १९५४च्या शिरूर मठ खटल्यात शुल्क आणि कर यांतील भेद केला गेला, तर २०११च्या प्रफुल्ल गोरडिया खटल्यात हज यात्रेच्या अनुदानासंबंधी असे म्हटले गेले की, कराचा मोठा भाग एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच अनुच्छेद २७चा भंग होतो. तथापि या सर्व चर्चेत कर हाच शब्द मध्यवर्ती आहे. सवलतीच्या दराने दिलेला भूखंड किंवा देणगीदाराला प्राप्तिकर कायद्याखाली मिळणारी सूट ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक मदतच असते, पण कोषागारातून रक्कम बाहेर पडताना दिसत नसल्याने ती घटनेच्या या पहाऱ्यातून बहुधा हळूच निसटते. खारघरसारख्या ठिकाणी, जिथे जमिनीचा बाजारभाव आणि सवलतीचा दर यांतील तफावत हीच मदतीची खरी रक्कम असते, तिथे अनुच्छेद २७च्या आधारे विचार करणारा अभ्यासक निम्मेच चित्र पाहतो.

राज्य आणि आध्यात्मिक समूह यांच्या निकटतेतून काय घडू शकते याचे एक दुःखद उदाहरण खारघरच्या मैदानावरच घडले. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण हा राज्याचा सर्वोच्च पुरस्कार केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते देण्यात आला. दासबोधावरील निरूपणाच्या श्री बैठकी हे त्यांच्या परंपरेचे मुख्य अंग असून वृक्षारोपण, स्वच्छता, व्यसनमुक्ती अशी कामे तिचे श्रीसदस्य कोणताही मोबदला न घेता करतात, आणि पुरस्काराचे २५ लाख रुपयेही मुख्यमंत्री साहाय्यता निधीला देण्यात आले. समारंभ शासनाचा होता, खर्च शासनाचा होता, लाखो श्रीसदस्य मात्र गुरूच्या सन्मानासाठी आले होते. भर उन्हात झालेल्या या कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. या घटनेवरून झालेले राजकीय आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले तरी तिच्यातील तात्त्विक पेच तसाच राहतो. भक्त स्वेच्छेने उन्हात बसतो आणि तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सेवा असते. पण नागरिकाला सावली आणि पाणी देणे हे राज्याचे कर्तव्य असते, आणि नागरिक भक्त म्हणून आला आहे एवढ्याने ते कमी होत नाही. राज्याने निष्काम समूहाला व्यासपीठ दिले की त्या समूहाची सहनशीलता राज्याच्या सोयीची होऊन बसते, आणि हा धोका आर्थिक अनुदानातल्या कोणत्याही गैरव्यवहारापेक्षा अधिक खोल आहे, कारण त्याची नोंद कोणत्याही लेखापरीक्षणात होत नाही.

सार्वजनिक द्रव्यापासून समूहाने पूर्णपणे दूर राहावे, या मताचा सर्वांत कठोर पुरस्कर्ता रायगड जिल्ह्यातच जन्मला. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव, आणि खारघरपासून ते फार दूर नाही. राज्याच्या कायद्यामागे असते ती दंडशक्ती, आणि हिंसेच्या विरोधी व दंडशक्तीहून भिन्न अशी जी तिसरी शक्ती लोकांच्या स्वेच्छेतून निर्माण होते ती लोकशक्ती, असा भेद विनोबांनी केला. त्यानुसार १९५६ मध्ये तमिळनाडूतील पळणी येथे त्यांनी निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती असा दुहेरी निर्णय घेतला, म्हणजे भूदानाच्या, भूमिहीनांसाठी जमिनीचे दान मिळवण्याच्या, कामासाठी गांधी स्मारक निधीकडून मिळणारी मदत सोडली आणि गावोगावच्या भूदान समित्याही विसर्जित केल्या. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, गांधी स्मारक निधी हा सरकारी नव्हता, लोकांच्या देणग्यांचाच होता, तरीही साठवलेल्या निधीवर चालणारे काम लोकांपासून तुटते असे विनोबांना वाटले. त्याऐवजी त्यांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली, ज्यात घरातील लहान मुलाने रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकावे आणि त्यावर शांतिसैनिकांचे, म्हणजे त्यांच्या शांतिसेनेतील स्वयंसेवकांचे, काम चालावे. मूठ मुलाची असावी या अटीत सगळे तत्त्वज्ञान आहे: कर्त्या माणसाच्या मोठ्या देणगीपेक्षा रोजच्या सवयीतून आलेली लहान भर समूहाला अधिक जिवंत ठेवते. प्रत्यक्षात मात्र पात्रे फार काळ भरली गेली नाहीत आणि भूदान चळवळीचा वेगही त्यानंतर मंदावत गेला, त्यामुळे विनोबांचे निदान अचूक असले तरी औषधाची मात्रा रोग्याला पेलवली नाही, असे म्हणावे लागते.

विनोबांच्या मार्गात आणखी एक अडचण आहे, तिचा विचार त्यांच्या अनुयायांनी पुरेसा केला नाही. मूठभर धान्य देण्याची ऐपत सर्व समूहांत सारखी नसते. खारघरच्या डोंगरावरील फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आणि खालच्या सेक्टरांतील उंच गृहसंकुले यांच्यामध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटरचे आहे. संकुलातील मंडळ एका सायंकाळच्या वर्गणीत जेवढे जमवील तेवढे वाडीतील बचत गटाला वर्षभरातही जमणे कठीण. अशा ठिकाणी राज्याने हात आखडता घेतला तर स्वयंसेवेचे क्षेत्र खाऊनपिऊन सुखी असलेल्यांच्या हौसेपुरते उरेल. दुसरीकडे राज्याचा हातही आपोआप वाडीकडे वळत नाही. सवलतीचा भूखंड मागण्यासाठी नोंदणी लागते, लेखापरीक्षित ताळेबंद लागतात, प्रकल्प अहवाल लागतो, बांधकामाची आर्थिक क्षमता दाखवावी लागते, आणि सवलतीची असली तरी मोठी रक्कम मुदतीत भरावी लागते. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्यालाच स्वस्तात अधिक मिळते, असा हा प्रकार असून फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयी जे दाखवले ते जमिनीविषयी आजही दाखवता येते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ने ठरावीक आकारावरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांतील सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हाही पैसा अहवाल उत्तम लिहिणाऱ्या संस्थांकडेच प्रथम गेला.

खारघरातील दोन रुग्णसंस्था या संदर्भात एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदयरोगाचे रुग्णालय भक्तांच्या आणि देणगीदारांच्या बळावर चालते आणि तेथे शस्त्रक्रियेचे बिल भरण्याची खिडकीच नाही. टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र उलट वाटेने आले आहे: मूळ रुग्णालय १९४१ मध्ये दोराबजी टाटा न्यासाच्या दानातून परळला सुरू झाले, १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे गेले, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले, आणि त्याचा विस्तार खारघरला झाला. एका ठिकाणी श्रद्धा सेवेचे रूप घेते व देणारा आपले नाव मागे ठेवतो. दुसऱ्या ठिकाणी खाजगी दान राज्याच्या नियमित जबाबदारीत मुरून जाते आणि दरवर्षी नव्याने दाता शोधावा लागत नाही. यांतील कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाच्या आईला दोन्हींतील भेदाशी कर्तव्य नसते, आणि कर्करोगाचे संशोधन श्रद्धेच्या भरतीओहोटीवर सोडता येत नाही.

सार्वजनिक मदतीचा खरा कस लागतो तो बोलण्याच्या स्वातंत्र्यापाशी. खारघरात दारूची दुकाने व बार नकोत यासाठी रहिवाशांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. मद्यावरील उत्पादन शुल्क हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन असल्यामुळे हा विरोध राज्याच्या हिताशी सरळ टक्कर घेणारा आहे, आणि तो करणाऱ्या समितीचे कार्यालय किंवा पगार शासकीय अनुदानावर चालत असता तर तो इतका मोकळेपणाने झाला असता असे मानणे भाबडेपणाचे होईल. समूहाच्या उत्पन्नाचा काही भाग तरी त्याच्याच सदस्यांच्या वर्गणीतून यावा, ही अट म्हणूनच नैतिक शोभेची नसून स्वातंत्र्याची आहे. किती भाग, याचे उत्तर संस्थेगणिक बदलेल. रुग्णालयाला ते थोडे पुरेल, हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेला जवळजवळ सगळे लागेल.

दाता जमिनीचा मूळ मालक आणि सर्वसाधारण करदाता, शासन हे केवळ विश्वस्त, असे मानले तर हिशेबाची दिशाही बदलते. सध्या सार्वजनिक न्यासांचा हिशेब महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो, जिथे विश्वस्त बदलल्याचे साधे चेंज रिपोर्टही वर्षानुवर्षे पडून राहतात. तो हिशेब कायद्याने खुला असला तरी सामान्य माणूस तो पाहायला जात नाही. याउलट आगरी गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतो तेव्हा कोणी किती तांदूळ दिले, कोणी महाप्रसादाच्या पंगतीचा खर्च उचलला, कोणाची वर्गणी बाकी आहे, याची यादी देवळाच्या भिंतीवर लागते आणि काल्याच्या कीर्तनाला आलेला प्रत्येक जण ती वाचून जातो. लाज हा तेथील लेखापरीक्षक असतो. ही पद्धत मोठ्या संस्थांना जशीच्या तशी लागू होणार नाही हे उघड आहे, शिवाय भिंतीवरील यादीत गरिबाचा अपमानही दडलेला असतो. पण सवलतीने जमीन मिळालेल्या संस्थेने बाजारभाव व भरलेला दर यांतील फरक, त्या बदल्यात किती जणांना विनामूल्य किंवा अल्प दरात सेवा दिली, आणि त्यांत मूळ गावांतील किती, हे आपल्या प्रवेशद्वाराशी मराठीत लावावे, अशी अट भाडेपट्ट्याच्या करारात घालणे अशक्य नाही. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखण्याची जी अट त्याच कायद्याच्या कलम ४१कक नुसार आहे, ती करसवलतीच्या व शासकीय मदतीच्या बदल्यातच आहे, आणि मंदिर, शाळा किंवा समाजभवन यांना तिच्यासारखे काही लावू नये याला तात्त्विक आधार सापडत नाही.

या अटीतही एक गाठ राहते. हिशेब ज्याला द्यावयाचा तो मूळ दाता आज एकत्र कोठे भेटतो, हे सांगणे कठीण आहे. महानगरपालिका आल्यावर ग्रामपंचायत गेली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली, जिथे उभे राहून कोपऱ्याचा शेतकरी विश्वस्ताला प्रश्न विचारू शकला असता. तिच्या जागी शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील महानगरपालिका कायद्यात आली खरी, पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. ती सभा प्रत्यक्ष भरेपर्यंत गावकीची बैठक, प्रकल्पग्रस्तांची समिती आणि गृहसंकुलांचे महासंघ यांनाच तो हिशेब मागावा लागेल, आणि यांपैकी कोणालाही दाता म्हणून तो मागण्याचा कायदेशीर अधिकार सध्या नाही.